शकीरा : शाळेच्या समूहगानातून वगळलेल्या मुलीची हकिगत खरी आहे का?

मृण्मयी_ऐरोली

नमस्कार. माझी मुलगी पाचवीत आहे. तिच्या शाळेत स्नेहसंमेलनासाठी समूहगीत बसवायला घेतले, तेव्हा पहिल्या चार तालमींना ती उभी होती. पाचव्या दिवशी मात्र तिचा आवाज कापतो आणि बाकीच्या मुलींच्या आवाजात मिसळत नाही, असे सांगून तिला बाजूला बसवण्यात आले. घरी आल्यावर ती रडली नाही. तिने गाण्याच्या कागदाच्या चार घड्या केल्या, तो दप्तराच्या तळाशी ठेवून दिला, आणि तेव्हापासून एरवी आंघोळ करताना, जेवताना, अभ्यास करताना सतत गुणगुणणारी ही मुलगी घरात गप्प असते.

माझ्या बहिणीचे म्हणणे असे की शकीरा या प्रसिद्ध गायिकेलाही लहानपणी शाळेने असेच वगळले होते, आणि ही गोष्ट मी मुलीला सांगावी. परंतु मला शकीराबद्दल 'वाका वाका' या गाण्यापलीकडे काहीही माहिती नाही, आणि मोबाइलवर अशा स्फूर्तिदायक गोष्टी इतक्या फिरत असतात की त्यांतली खरी कोणती हे कळत नाही. मुलीला मला खोटी गोष्ट सांगायची नाही. म्हणून विचारते, ही हकिगत खरी आहे का? पुढे ती गायिका कशी झाली? आणि मूळची स्पॅनिशमध्ये गाणारी ही बाई जगभर कशी पोचली? प्रतिसाद मोठा झाला तरी चालेल, मी सगळे नीट वाचेन.

अनघा_वाशी

मृण्मयीताई, हकिगत खरी आहे. शकीरा इसाबेल मेबाराक रिपोल हिचा जन्म २ फेब्रुवारी १९७७ रोजी कोलंबियातील बारांकिया या शहरात झाला. ती दुसरीत असताना तिच्या आवाजातला कंप फार ठळक आहे म्हणून शाळेच्या समूहगानात तिला घेतले नाही, आणि वर्गातली मुले तिचा आवाज शेळीसारखा आहे असे म्हणत. हे तिने स्वतःच सांगितलेले आहे. मात्र मुलीला सांगताना तुम्ही तिथेच थांबू नये असे मला मनापासून वाटते, कारण 'आधी नाकारली आणि मग जगप्रसिद्ध झाली' एवढेच सांगितले की मधली वर्षे गळून जातात, आणि सगळे काही त्या मधल्या वर्षांतच घडलेले आहे.

तिच्या आयुष्यात गाण्याच्या आधी लिहिणे आले. वडिलांना टाइपरायटरवर काहीबाही लिहीत बसलेले पाहून तिने नाताळच्या भेटीत टाइपरायटर मागितला, आणि सातव्या वर्षी तो तिला मिळाला. त्याआधी, ती दोन वर्षांची असताना, तिचा थोरला सावत्र भाऊ मोटारसायकलच्या अपघातात गेला होता, आणि वडील त्यानंतर कित्येक वर्षे आपले दुःख कोणाला दिसू नये म्हणून काळा चष्मा लावून वावरत असत. आठव्या वर्षी तिने जे पहिले गाणे रचले त्याचे नाव 'तुस गाफास ओस्कुरास', म्हणजे 'तुझा काळा चष्मा'. मी गेली अकरा वर्षे स्पॅनिश शिकवते. 'गाफास' हा शब्द स्पॅनिशमध्ये अनेकवचनी वापरतात, हे सांगताना मी फळ्यावर उदाहरण म्हणून हे शीर्षक लिहिते आणि ते आठ वर्षांच्या मुलीने वडिलांकडे पाहून लिहिले आहे असे सांगते. पुढची दोन मिनिटे व्याकरण बाजूला राहते.

त्याच सुमारास वडिलांच्या धंद्याचे दिवाळे निघाले. ही झळ लेकीला लागू नये म्हणून तिला काही काळ लॉस एंजेलिसला नातेवाइकांकडे ठेवण्यात आले, आणि ती परत आली तेव्हा घरातले बरेचसे सामान विकले गेले होते, रंगीत टीव्हीच्या जागी कृष्णधवल टीव्ही आला होता. ती चिडलेली पाहून वडिलांनी तिला एका बागेत नेले आणि तिथे राहणारी, नशेसाठी सोल्यूशन हुंगणारी अनाथ मुले दाखवली. त्या मुलांचा तिला विसर पडला नाही. १९९७ मध्ये, म्हणजे पहिले खरे यश मिळाल्यावर लगेचच, तिने 'पिएस देस्काल्सोस', अर्थात 'अनवाणी पाय' या नावाची संस्था काढली, आणि या संस्थेने कोलंबियात गरीब वस्त्यांमधून शाळा उभारल्या आहेत.

आता अपयशाबद्दल लिहिते, कारण तुमच्या मुलीने ते ऐकले पाहिजे. तेराव्या वर्षी सोनी कंपनीच्या कोलंबियातील शाखेने तिच्याशी करार केला. १९९१ मध्ये 'माखिया' आणि १९९३ मध्ये 'पेलिग्रो' असे दोन अल्बम निघाले, आणि दोन्ही पडले. गाणी कशी वाजवायची, कशी सजवायची, यात तोवर तिचे फारसे चालत नव्हते. तिसऱ्या खेपेला तिने ते आपल्या हातात घेतले, लुईस फेर्नांदो ओचोआ या संगीतकाराबरोबर बसून गाणी बांधली, आणि १९९५ मध्ये आलेल्या 'पिएस देस्काल्सोस' या अल्बमने अख्ख्या लॅटिन अमेरिकेत तिचे नाव केले. संस्थेचे नाव याच अल्बमवरून आले. पुढच्या अल्बमसाठी लिहिलेली गाणी ज्या बॅगेत होती ती बॅग बोगोताच्या विमानतळावर चोरीला गेली, तेव्हा ती पुन्हा लिहायला बसली आणि १९९८ च्या त्या अल्बमला तिने नावच दिले 'दोंदे एस्तान लोस लाद्रोनेस', म्हणजे 'चोर कुठे आहेत?' माझ्या मते तिचे सर्वांत चांगले लेखन याच अल्बममध्ये आहे.

इंग्रजीचे म्हणाल, तर क्यूबात जन्मलेली गायिका ग्लोरिया एस्तेफान आणि तिचे पती, निर्माते एमिलियो एस्तेफान यांनी तिला इंग्रजीत गाण्याचा आग्रह केला. तयार भाषांतरे घेऊन गाणे सोपे होते. शकीराने शब्दकोश घेतला, इंग्रजी कविता वाचून काढल्या आणि आपली गाणी त्या भाषेत आपणच लिहायला घेतली. एस्तेफानबाईंची मदत झाली, परंतु लेखणी तिचीच राहिली. नोव्हेंबर २००१ मध्ये आलेल्या 'लॉन्ड्री सर्व्हिस' या अल्बमच्या जगभरात एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. त्यातल्या उपमा काही समीक्षकांना विचित्र वाटल्या. मला त्या आवडतात, कारण आपल्या भाषेत विचार करून दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्या माणसाच्या बोटांचे ठसे त्यांवर दिसतात. आणि एवढे यश मिळाल्यावरही तिने २००५ मध्ये आधी 'फिखासियोन ओराल' हा स्पॅनिश अल्बम काढला आणि त्याचा इंग्रजी जोडीदार काही महिन्यांनी आणला. त्यातले 'ला तोर्तुरा' हे आलेखांद्रो सान्सबरोबरचे गाणे बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या लॅटिन गाण्यांच्या यादीत २५ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते.

दर्यावर्दी_नेरुळ

अनघाताईंनी फार आत्मीयतेने लिहिले आहे. मी फक्त त्या गावाबद्दल लिहितो, कारण मर्चंट नेव्हीत असताना आमची बोट दोनदा बारांकियाला लागली होती.

माग्दालेना नदी जिथे कॅरिबियन समुद्राला मिळते तिथे हे शहर वसलेले आहे, आणि बंदराला जायचे तर पायलट, म्हणजे बोटीला वाट दाखवणारा स्थानिक जाणकार, घेऊन नदीच्या मुखातून आत शिरावे लागते. नदीचे पाणी पावसाळ्यातल्या आपल्या खाडीसारखे गढूळ, बाहेर समुद्र निळा, आणि दोन्हींच्या मधली रेघ डेकवरून स्वच्छ दिसते. हे बंदराचे गाव असल्यामुळेच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन या भागांतून कितीतरी कुटुंबे येथे येऊन राहिली. त्यांच्याजवळ ऑटोमन साम्राज्याची कागदपत्रे असत, म्हणून स्थानिक लोक त्यांना सरसकट 'तुर्कोस', म्हणजे तुर्क, म्हणू लागले. शकीराच्या वडिलांचे घराणे मूळचे लेबनॉनचे. तिथल्या रस्त्यांवर 'किबे' नावाचा खिम्याचा तळलेला पदार्थ मिळतो, तोही याच लोकांबरोबर आला आणि आता तो त्या किनाऱ्याचाच होऊन गेला आहे. मी तो बंदराबाहेरच्या एका गाडीवर उभ्याने खाल्ला आहे, वरून लिंबू पिळून.

चार वर्षांची असताना वडिलांबरोबर एका अरबी उपाहारगृहात गेलेली शकीरा तिथला दुंबेक ऐकून टेबलावर चढून नाचू लागली, असे ती सांगते. दुंबेक म्हणजे हाताने वाजवायचे, एका तोंडाचे अरबी तालवाद्य. १९९८ च्या अल्बममधील 'ओखोस आसी', म्हणजे 'असे डोळे', या गाण्यात ती मध्येच अरबीत गाते, त्याचे मूळ हे आहे. तिचे नावही अरबीच आहे. 'शाकिर' म्हणजे कृतज्ञ, त्याचे स्त्रीलिंगी रूप शाकिरा. आपण येता-जाता 'शुक्रिया' म्हणतो तो शब्द याच धातूपासून आलेला आहे. मृण्मयीताई, मुलीला हे नक्की सांगा, मुलांना अशा गोष्टी लक्षात राहतात.

डिसेंबर २०२३ मध्ये त्या गावाने नदीकाठी तिचा साडेसहा मीटर उंचीचा पुतळा उभारला. माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलाने तिथून फोटो पाठवला होता. हात वर, कंबर वळलेली, आणि मागे तीच गढूळ माग्दालेना.

केदार_घणसोली

दोन गोष्टी जोडतो. 'वाका वाका' हे २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतील फुटबॉल विश्वचषकाचे गाणे, पण त्याचे धृपद कॅमेरूनमधील गोल्डन साउंड्स या गटाच्या १९८६ च्या 'झांगालेवा' या गाण्यावरून घेतलेले आहे, आणि शकीराबरोबर त्यात फ्रेशलीग्राउंड हा दक्षिण आफ्रिकेचा गट गायला आहे. दुसरे म्हणजे, 'हिप्स डोन्ट लाय' हे तिचे गाणे २००६ मध्ये बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि त्याच वर्षीच्या एमटीव्ही पुरस्कार सोहळ्यातील त्याच्या सादरीकरणाचे नृत्यदिग्दर्शन आपल्या फराह खान यांनी केले होते.

घर मोडल्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या बिझाराप या निर्मात्याबरोबर तिने जे गाणे केले तेही स्पॅनिशच होते, आणि २०२४ च्या 'लास मुखेरेस या नो योरान', म्हणजे 'बायका आता रडत नाहीत', या अल्बमला फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रॅमी मिळाले.

स्वरदा_नौपाडा

मी नौपाड्यात गेली सत्तावीस वर्षे गाणे शिकवते, त्यामुळे आवाजाबद्दल लिहिणे मला भाग आहे.

मृण्मयीताई, त्या शिक्षकांची अडचण खरी आहे हे आधी मान्य करते. पाश्चात्त्य गायनात ज्याला व्हायब्रेटो म्हणतात तो म्हणजे लावलेल्या स्वराभोवती सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा होणारा हेलकावा. आपल्या शास्त्रीय संगीतातले आंदोलन, म्हणजे स्वर झुलवणे, त्याहून पुष्कळ संथ असते आणि गायक ते हेतूने घेतो. समूहगीतात तीस गळ्यांपैकी एका गळ्यात असा कंप असला की ऐकणाऱ्याचे लक्ष तिकडेच जाते. परंतु यावर उपाय मुलीला खाली बसवणे हा नाही. अशा मुलीला सुरुवातीचा आलाप द्यावा, किंवा कडव्याच्या दोन ओळी एकटीला द्याव्यात, म्हणजे गीतही उठून दिसते आणि मुलगीही उभी राहते. मी स्वतः असे अनेकदा केले आहे.

शकीराच्या गाण्यात मला आणखी एक गोष्ट दिसते. भरीव, छातीच्या आवाजातून वरच्या हलक्या आवाजात जाताना गळ्यात जी एक तड पडते, ती झाकायला आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवतो. शकीरा मात्र ती तड मुद्दाम उघडी ठेवते, तिच्यावर जोर देते, आणि डोळे मिटूनही ओळखू येईल असा तिचा आवाज त्यामुळेच झाला आहे. शाळेने जो दोष म्हटला तो तिने काढून टाकला नाही. २००० मध्ये निघालेला तिचा एमटीव्ही अनप्लग्ड हा अल्बम ऐका, त्याला २००१ मध्ये ग्रॅमीही मिळाले. त्यात वाद्यांचा गोंगाट नाही, त्यामुळे गळा काय करतो आहे ते नीट ऐकू येते. मुलीलाही तोच ऐकवा.

आणि एक गंभीर गोष्ट. २०१७ च्या शेवटी, युरोपचा दौरा सुरू होण्याच्या तोंडावर, शकीराच्या उजव्या स्वरतंतूत रक्तस्राव झाला. दौरा पुढच्या वर्षावर गेला, तिला बोलण्यापासूनही दूर राहावे लागले, कितीतरी दिवस ती लिहून दाखवून संवाद साधत होती. शस्त्रक्रिया न करता ती बरी झाली आणि जून २०१८ मध्ये पुन्हा मंचावर उभी राहिली. माझी एक विद्यार्थिनी स्वरतंतूंवरच्या गाठींमुळे दीड महिना मौनात होती. पहिल्या दिवशी तिने नुसता 'सा' लावला, तेव्हा तानपुरा धरलेला माझा हात थांबला होता. म्हणून सांगते, तुमच्या मुलीला शकीराची नक्कल करू देऊ नका. रोज सकाळी दहा मिनिटे, तिच्या सोयीच्या पट्टीत, हलक्या आवाजात लांब 'सा' आणि आकार, एवढेच करू द्या. कंपाबरोबर आवाजात घोगरेपणा असेल आणि तो दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. घोगरेपणा नसेल तर कंपाला हातही लावू नका. शनिवारी दुपारी चार वाजता माझ्याकडे लहान मुलांचा वर्ग असतो, तिला घेऊन या. मला तिचा आवाज ऐकायचा आहे. पत्ता निरोपात पाठवते.

मृण्मयी_ऐरोली

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणे झाल्यावर मी तिला सगळे क्रमाने सांगितले. शेळीच्या आवाजाच्या गोष्टीवर ती काहीच बोलली नाही. काळ्या चष्म्याच्या गोष्टीवर तिने विचारले, 'मग ते गाणे तिच्या बाबांना आवडले का?' बॅग चोरीला गेल्याचे ऐकून मात्र ती उठून बसली, आणि पाठ असलेली गाणी कागदावरून गेली तरी डोक्यातून कशी जातील, यावर आमची बरीच चर्चा झाली.

त्यानंतर आम्ही अनप्लग्डमधले 'ओखोस आसी' ऐकले. शुक्रियाचा शब्द तिने वहीत लिहून घेतला आहे, काका, आणि त्याखाली 'ओखोस = डोळे' असेही. आज सकाळी वेणी घालताना ती त्यातला अरबी तुकडा शब्द चुकवत म्हणत होती. मी मध्ये बोलले नाही.

स्वरदाताई, घोगरेपणा अजिबात नाही. शनिवारी तीनच्या लोकलने निघतो.