घरच्या पीसीला अजून दोन-तीन सिरियल पोर्ट हवेत (वजनकाट्यांसाठी)

वेंगुर्ल्याचा_काजूवाला

नमस्कार मंडळी. घराला लागूनच आमचं छोटं काजू युनिट आहे. पडवीत जुना असेंबल्ड डेस्कटॉप, विंडोज १०. मागे नऊ पिनांचा सिरियल पोर्ट एकच, तो लेबल प्रिंटरने अडवलाय. काटे दोन. एक खळ्यापलीकडच्या शेडमध्ये, बियांची पोती मोजायला. दुसरा टेबलावरचा, गरांच्या पाव किलोच्या पाकिटांसाठी. दोन्ही आरएस-२३२ (म्हणजे जुनी सिरियल जोडणी) वाले, ९६०० च्या वेगावर चालणारे. त्यांना स्वस्तातले यूएसबी कन्व्हर्टर लावलेत, अगदी एकसारखे, ते निळे पारदर्शक मिळतात ते. चिप सीएच३४०.

एरवी झकास चालतं. पण वीज-पाऊस झाला, लाईट गेली, की दुसऱ्या दिवशी कॉम नंबर (विंडोज प्रत्येक सिरियल पोर्टाला देतं तो) भलतेच. कधी ३ चा ५ होतो, कधी ७. परवा तर ३ आणि ४ ची अदलाबदलच झाली आणि डब्ल्यू ३२० (काजूगराची एक प्रत) च्या पाव किलोच्या पाकिटावर ४८.६० किलो छापून आलं. गिऱ्हाईक खूश झालं असतं!

सॉफ्टवेअर जुनं आहे, कॉम १ ते ४ एवढेच घेतं. बनवणारा मुलगा पुण्यात नोकरीला गेला, आता फोनही उचलत नाही. पुढच्या हंगामात ग्रेडिंगच्या टेबलावर तिसरा काटा येणार. चार पोर्टचं कार्ड टाकू का? की दुसरं काही?

फास्टट्रॅक_चिपळूण

चांगला पॉवरवाला यूएसबी हब घे भावा, अजून दोन कन्व्हर्टर लाव. विषय संपला.

एक्सचेंजवाले_काका (रत्नागिरी)

हबने विषय संपत नाही, वाढतो. काजूवाले, एक सांगा. वीज चमकायला लागली की तुमच्याकडे वायरी कोण काढतं?

वेंगुर्ल्याचा_काजूवाला

आई. पहिला गडगडाट झाला की टीव्ही, फ्रीज, पीसी, सगळ्या पिना बाहेर. यूएसबीसुद्धा. सकाळी मी परत लावतो.

एक्सचेंजवाले_काका (रत्नागिरी)

वाटलंच. आईंचं बरोबर आहे, त्यांना अडवू नका. लाईट जाण्याचा आणि नंबर बदलण्याचा संबंध नाही. सीएच३४० वाल्या या स्वस्त कन्व्हर्टरांना स्वतःचा वेगळा अनुक्रमांक नसतो. विंडोजला दोन्ही जुळी भावंडं दिसतात, म्हणून कोण यूएसबीच्या कुठल्या खाचेत बसलाय त्यावरून ते कॉम नंबर देतं. सकाळी खाचा उलटसुलट झाल्या की पोत्याचं वजन पाकिटावर. नवीन खाचेत लावलं तर नवीन नंबर.

यावर फुकटचा उपाय म्हणजे खाचेवर आणि वायरीवर सारख्या रंगाची चिकटपट्टी. तोवर तेवढं करा. जुने नंबर अडकून बसले असतील तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून लपलेली उपकरणं दाखवा, फिकट दिसणारे पोर्ट अनइन्स्टॉल करा, ३ आणि ४ मोकळे होतील.

आता कायमचं. पैसे खर्चण्याआधी कॅबिनेट उघडा. बऱ्याच डेस्कटॉप बोर्डांवर मागच्या पोर्टाखेरीज आणखी एक सिरियल हेडर, म्हणजे केबल खोचायच्या पिनांचा जोड, असतो. पाच-पाचच्या दोन ओळी, एक पिन गायब, शेजारी कॉम २ किंवा जेकॉम असं छापलेलं. त्याला पट्टीसकट केबल मिळते, कार्डाच्या मानाने किरकोळ किंमत. हा खरा कॉम २, तो जन्मात नंबर बदलणार नाही.

मग पीसीआय एक्सप्रेस कार्ड. चार पोर्टचं घेऊ नका, दोनचं पुरे. कार्डावरचे पोर्ट स्लॉटला बांधलेले असतात, स्क्रूने वायर आवळली की कोणी चुकून दुसरीकडे लावणार नाही. तुमच्या सॉफ्टवेअरसाठी कार्डाचे पोर्ट कॉम ३ आणि ४ करून द्या, चालेल. 

तरी आता सोपं आहे. जुन्या आयएसए कार्डांच्या काळात कॉम १ आणि ३ यांना मिळून एकच आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची तार) ४, कॉम २ आणि ४ यांना ३. माऊस कॉम १ वर, मोडेम कॉम ३ वर ठेवला की मोडेमने लाईन धरताच माऊस मरायचा. कार्डावरचे जंपर (पिना जोडणाऱ्या टोप्या) हलवत रात्री जायच्या.  असो.

मालवणी_टेस्टर

काकांनू, तुमचा सगळा बरोबर. पण शेडमधलो काटो इसरलात. खळ्यापलीकडे म्हणजे वायर लांब, आणि शेडचा मीटर वेगळा असला तर अर्थिंग पण वेगळा. जांभ्यात अर्थिंग आधीच धड लागना नाय. माझ्याकडे बर्फाच्या फॅक्टरीतल्या काट्याचो पोर्ट असोच जळलो. वीज खंयतरी लांब पडली आणि सिरियल वायरीतसून आत इली. कार्ड घातल्यार ती थेट मदरबोर्डातच जातली. त्यापेक्षा यूएसबी बरो, मेलो तर कन्व्हर्टर मेलो.

आणि खाऱ्या हवेन पिनांवर हिरवा चढता. पावसाळ्याआधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

एक्सचेंजवाले_काका (रत्नागिरी)

मालवणकर, पटलं. मग वाटणी अशी: घरातली उपकरणं हेडरवर आणि कार्डावर (कार्डाच्या एकाच पोर्टला कॉम ३ द्या), शेडचा काटा कार्डावर अजिबात नाही, त्याला कॉम ४ ठेवा. त्याला ऑप्टिकल आयसोलेशन (मधे तारेऐवजी प्रकाश, म्हणजे वीज आरपार येत नाही) असलेला यूएसबी कन्व्हर्टर घ्या, आणि चिप एफटीडीआय कंपनीची बघा. त्यांच्या एफटी२३२आर चिपमध्ये प्रत्येक नगाला वेगळा अनुक्रमांक असतो, कुठल्याही खाचेत लावला तरी कॉम तोच राहतो. मात्र नकली माल फार. २०१४ मध्ये त्या कंपनीने विंडोज अपडेटमधल्या ड्रायव्हरमधून नकली चिपांचा आयडीच (विंडोज चिप ओळखतं तो) शून्य करून टाकला होता, जगभर बोंब झाली. खात्रीच्या दुकानातून घ्या.

वायर १५ मीटरच्या पुढे असेल तर आरएस-२३२ चा हट्ट सोडा. दोन्ही टोकांना आरएस-४८५ कन्व्हर्टर लावा, ते १२०० मीटरपर्यंत जातं. काट्याच्या बाजूचा कन्व्हर्टर वेगळ्या अॅडॅप्टरवर चालणाराच हवा. पोर्टातून वीज चोरणारे स्वस्त मिळतात, पण बऱ्याच काट्यांना पाठव, घे आणि ग्राउंड एवढ्याच तीन तारा काढलेल्या असतात, त्यामुळे ते उपाशी राहतात.

वेंगुर्ल्याचा_काजूवाला

आत्ता खोललं! बटण-सेलच्या खाली नऊ पिना आहेत, कॉम २ लिहिलंय. शेजारी एक पालही राहत होती. शेडची वायर २२ मीटर भरली, म्हणजे ४८५ च. टेबलाचा काटा कॉम २ वर घेतो आणि दोनचं कार्ड हंगामाआधी. केबल मागवताना काही बघायचं का?

एक्सचेंजवाले_काका (रत्नागिरी)

हो, पाल बाहेर काढा आधी. या केबलींची आतली जोडणी दोन प्रकारची असते. चुकीची आली तर विंडोजमध्ये पोर्ट दिसतो, पण वजन येत नाही. पीसी बंद करून, मेनची पिन काढून, केबल हेडरवर बसवा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तार जोडलेली असली की बीप देतो तो) ठेवा, एक टोक नऊ पिनांच्या कनेक्टरच्या पाच नंबरला, दुसरं कॅबिनेटच्या पत्र्याला, जिथे रंग नाही तिथे. बीप आला तर केबल बरोबर. नाही आला तर दुकानदाराला दुसऱ्या जोडणीची मागा. मग बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडतं ते सेटिंग) दुसरा सिरियल पोर्ट चालू करा, तो बहुधा बंद असतो. शेवटी कनेक्टरच्या २ आणि ३ नंबरच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडून पुट्टी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तो पोर्ट उघडून काहीतरी टाइप करा. टाइप केलेलं परत उमटलं की काटा लावायला हरकत नाही.