ऑल-स्टार चिअरलीडिंगच्या वरच्या संघात मुलींची निवड नेमकी कशी होते?

कृष्णाकाठ (सांगली)

मी सांगलीजवळच्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. माझी धाकटी बहीण डॅलसजवळ राहते आणि तिची तेरा वर्षांची मुलगी तिथल्या एका खासगी जिममध्ये ऑल-स्टार चिअरलीडिंग करते. २००८ पासून आयपीएलच्या सामन्यांत आपण जे पाहिले, त्यावरून या खेळाची कल्पना करू नये, अशी आधीच विनंती करतो. इथे दुसऱ्या कोणाला प्रोत्साहन द्यायचे नसते. कोलांटउड्या, मानवी मनोरे आणि उंच फेक यांची अडीच मिनिटांची रचना परीक्षकांसमोर सादर करायची असते आणि त्यावर गुण मिळतात.

मे महिन्यात तिच्या जिममध्ये नव्या हंगामाची निवड झाली. भाचीला लेव्हल ४ च्या संघाची आशा होती, पण तिला लेव्हल ३ मध्ये ठेवले. टम्बलिंगमध्ये, म्हणजे कोलांटउड्यांत, तिच्याहून कच्ची असलेली तिची मैत्रीण मात्र वरच्या संघात गेली. बहिणीचा रोज सकाळी फोन येतो आणि ती एकच विचारते, ‘दादा, तू इतक्या वर्षांत किती संघ निवडलेस, मग हे असे कसे होते ते तूच सांग.’ मी कबड्डी आणि खो-खोचे संघ निवडले आहेत, पण या खेळाचा हिशेब मला उलगडत नाही. प्रशिक्षक नेमके काय पाहतात आणि बहिणीने त्यांच्याशी कोणत्या मुद्द्यांवर बोलावे, हे कोणी जाणकार सांगेल का?

कराडची_लेक

सर, मी मूळची कराडची आहे आणि माझी मुलगी इकडे सात वर्षे हा खेळ खेळते आहे, त्यामुळे पालक म्हणून जे पाहिले ते सांगते.

या खेळात १ ते ७ अशा लेव्हल आहेत आणि कोणत्या लेव्हलला कोणते कौशल्य चालते हे नियमांत ठरलेले आहे. ढोबळ मानाने बॅक हँडस्प्रिंग (मागे झेपावून हातांवरून घेतलेली उडी) लेव्हल २ ला येते, धावत येऊन घेतलेला टक (गुडघे छातीशी घेऊन हवेतच घेतलेली कोलांटी) लेव्हल ३ ला, जागेवरून घेतलेला टक आणि धावत येऊन घेतलेला लेआउट (अंग सरळ ठेवून हवेतच घेतलेली कोलांटी) लेव्हल ४ ला, तर एक पूर्ण गिरकी असलेला फुल लेव्हल ५ ला. आपल्या मुलीला जागेवरून टक येतो म्हणजे ती लेव्हल ४ ची झाली, असे आम्हा पालकांना वाटते. परंतु एखाद्या मुलीने काय करून दाखवले एवढ्यावर गुण ठरत नाहीत. संघातल्या किती मुलींनी ते कौशल्य केले आणि किती स्वच्छ केले, हेही परीक्षक पाहतात. म्हणून निवडीच्या दिवशी एकदा जमलेली उडी प्रशिक्षक फारशी मोजत नाहीत. दोन मिनिटे उचलणे, फेकणे आणि नाचणे झाल्यावर, धाप लागलेली असताना, तीच उडी स्पर्धेच्या स्प्रिंग फ्लोअरवर कोणाच्याही आधाराविना जमेल का, हा त्यांचा खरा प्रश्न असतो. भाचीचा टक कुठे जमतो, हे बहिणीला अवश्य विचारा. ट्रॅम्पोलिनसारख्या लांब पट्टीवर, म्हणजे टम्बल ट्रॅकवर, जमलेला टक फ्लोअरवर जमेलच असे नाही, आणि पुष्कळ घरांत इथेच गैरसमज होतो.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली. स्टंटचा, म्हणजे एकीला वर उचलून धरणारा, गट साधारण चौघींचा असतो : खाली दोन बेस, मागे एक बॅकस्पॉट आणि वर एक फ्लायर. वीस मुलींच्या संघात असे पाच गट होतात, म्हणजे फ्लायरच्या जागा पाचच. त्या पाचांसाठी पंधरा मुली आल्या आणि बॅकस्पॉटला उंच मुलगी एकच आली, तर टम्बलिंगमध्ये थोडी मागे असूनही ती उंच मुलगी वर जाते, कारण तिच्यावाचून एक गट उभाच राहत नाही. आपल्या भाचीच्या मैत्रिणीच्या बाबतीत हेच घडले असावे, असा माझा अंदाज आहे.

अजिंक्यतारा (सातारा)

मी साताऱ्यात मुलींना मल्लखांब शिकवतो. चिअरलीडिंगचा मला अनुभव नाही, पण ताईंचे उत्तर वाचून आमचे मनोरे आठवले. एका वर्षी मी मनोऱ्यासाठी वैयक्तिक गुणांच्या क्रमाने मुली घेतल्या आणि मनोरा रोज डगमगू लागला. शेवटी जिची दसरंग (मल्लखांबावरची एक कसरत) बेताचीच होती, पण पाय रोवल्यावर जिचे खांदे तसूभर हलत नसत, अशा मुलीला खाली घेतले आणि मनोरा स्थिर झाला. तो निर्णय योग्य होता, असे मी आजही म्हणेन. परंतु जिला काढले तिला मी त्याचे कारण सांगितले नाही, संघ नुसता फळ्यावर लिहिला, आणि पुढच्या आठवड्यापासून ती यायची थांबली. ती आमच्याकडची सर्वांत कसबी मुलगी होती. निवड करणाऱ्याने कारण त्याच दिवशी, त्या मुलीच्या समोर बसून सांगितले पाहिजे, हे मला तिच्यामुळे कळले, आणि त्याची टोचणी अजून गेलेली नाही.

मिरजकर

वरील दोन्ही उत्तरे मला पटतात, पण पालकांनी एक बाजू डोळ्यांआड करू नये. अमेरिकेतील या जिम खासगी व्यवसाय आहेत आणि एका मुलीमागे वर्षाला हजारो डॉलर खर्च होतात. लेव्हल, वयोगट आणि सुरक्षितता यांचे नियम २००३ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संघटना ठरवते; परंतु कोणती मुलगी कोणत्या संघात घ्यायची हे सर्वस्वी जिमचे मालक आणि प्रशिक्षक ठरवतात. खाशाबा जाधवांना १९५२ च्या ऑलिम्पिकच्या निवडीत डावलले गेले तेव्हा ते पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागू शकले, त्यांना पुन्हा लढण्याची संधी मिळाली आणि त्यांनी ती कुस्ती मारली. इथे अशी फेरकुस्ती नाही. त्यामुळे जुन्या कुटुंबाला दुखवायचे नाही किंवा अमुक मुलगी दुसऱ्या जिममध्ये जाऊ नये, असे विचार निवडीत कधीच येत नाहीत, असे मी म्हणणार नाही. मात्र लेव्हल ४ मध्ये पडत-धडपडत शेवटचे येण्यापेक्षा लेव्हल ३ मध्ये स्वच्छ रचना करून जिंकणारा संघ उभा करणे, हा पक्षपात नव्हे. प्रत्येक खालच्या निवडीमागे अन्याय शोधू लागलो, तर खरा अन्याय झाल्यावर आपले म्हणणे कोणी ऐकणार नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल बहिणीशी आणि नंतर भाचीशी स्वतंत्रपणे बोललो. जागेवरचा टक टम्बल ट्रॅकवरच जमतो. फ्लोअरवर प्रशिक्षकांचा हात कमरेला लागतो, हे तिने आईला सांगितलेच नव्हते. शिवाय ती तीन वर्षे फ्लायर आहे आणि गेल्या वर्षभरात तिची उंची चार इंचांनी वाढली आहे, त्यामुळे तिला वर उचलणे अवघड झाले असावे. मैत्रीण बॅकस्पॉटच आहे. ताईंचा अंदाज खरा ठरला.

आता बहीण प्रशिक्षकांना भेटून दोनच गोष्टी विचारणार आहे. पुढच्या निवडीत ते भाचीला फ्लायर म्हणून पाहतात की बेस म्हणून, आणि फ्लोअरवरचा टक हंगामाच्या मध्यावर पक्का झाला, तर वरच्या संघात राखीव म्हणून तिचा विचार होईल का. मैत्रिणीचे नाव या भेटीत काढायचे नाही, हे मी तिला बजावले आहे. भाची मात्र बेस व्हायला नाखूश आहे. वर उभी राहणारी मुलगीच सगळ्यांना दिसते, असे ती म्हणाली, आणि त्यावर मला लगेच उत्तर सुचले नाही.

जूनमध्ये ती तीन आठवडे सांगलीला येते आहे. अजिंक्यतारा सर, तिला एक दिवस साताऱ्याला आपल्याकडे आणले, तर चालेल का?

अजिंक्यतारा (सातारा)

अवश्य आणा. आमचा सराव सकाळी सहाला सुरू होतो. मनोऱ्यात खाली उभ्या राहणाऱ्या मुलींशी तिला बोलू द्या. मी मध्ये पडणार नाही.