जाहिरातीखालची ती एक ओळ

तासिकावाली
काल जुन्या विद्यार्थ्यांच्या गटावर एका निवृत्त सरांनी लिहिलं, ‘विद्यापीठ-कॉलेजांत आता जात, बाई, अपंग असला कुठलाच भेद उरलेला नाही. ज्याच्यात दम आहे त्याला नोकरी मिळतेच.’ खाली अंगठ्यांची रांग. तिथे वाद नको म्हणून इथे लिहितेय.

सर, दम मोजायचा कुठे? माझी सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, 2014 ची, पीएचडी 2019 ची. तेव्हापासून तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासापुरतेच पैसे. दिवाळीत तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, आणि फेब्रुवारीचं मानधन जुलैत. दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजात पूर्णवेळ जागेची मुलाखत होती. मी नेलेली फाइल कुणी उघडलीही नाही. समितीतले एक गृहस्थ संत्रं सोलत म्हणाले, ‘मुलगी केवढी? मिस्टरांची बदलीची नोकरी आहे का?’ माझ्या आधी आत गेलेल्यालाही दोन मुलं होती. बाहेर आल्यावर मी मुद्दाम विचारलं. त्याला पीएचडीचा विषय विचारला होता.

त्याच दिवशी कुबड्यांवर एक मुलगा आला होता. मुलाखत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टला कुलूप, आणि किल्लीवाला शिपाई चहाला गेलेला. मुलगा पायऱ्या चढून आला, शर्ट पाठीला चिकटलेला. आतून आवाज आला, ‘उशीर केलात.’ जाहिरातीच्या तळाशी मात्र ‘सर्वांना समान संधी’ छापलेलं होतंच.

निवृत्त_मास्तर
तो मेसेज माझाच. नाव न घेता टोमणे मारण्यापेक्षा सरळ विचारायचं होतं. मी अकरा निवड समित्यांवर बसलोय. बिंदूनामावली, म्हणजे कितवी जागा कुठल्या वर्गाला याचा तक्ता, मागासवर्गीय कक्षाने तपासल्याशिवाय जाहिरात निघत नाही. मागासवर्गीय, महिला, दिव्यांग उमेदवार असेल तर त्या वर्गातला सदस्य समितीत लागतो. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमावलीत आहे, काढून वाचा. एका आंबट अनुभवावरून अख्खी व्यवस्था नासकी ठरवू नका.

बिंदू_चौदावा
वाचली सर, पुढचंही वाचलं. त्याच नियमावलीत लिहिलंय की शोधनिबंध-पदव्यांचे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते, निवड केवळ मुलाखतीवर. म्हणजे वीस वर्षांचा अभ्यास दारापर्यंत, आत गेल्यावर संत्रंवाले काका.

आणि बिंदूनामावलीचं कौतुक मला सांगू नका. 2018 च्या मार्चमध्ये यूजीसीने राखीव जागा मोजायला पूर्ण संस्थेऐवजी एकेक विभाग हेच एकक धरलं. केंद्राच्या त्या रोस्टरमध्ये, म्हणजे बिंदूनामावलीत, ओबीसीचा पहिला बिंदू चौथा, एससीचा सातवा, एसटीचा चौदावा. तीन जागांच्या विभागात चौदावी जागा कुणाच्या नातवाला मिळणार होती? 2019 मध्ये संसदेने कायदा केला तेव्हा कुठे पूर्ण संस्था एकक झाली. माझ्या वेळी राखीव जागेला आम्ही पाच जण, पाचही पीएचडी. निकाल लागला, ‘योग्य उमेदवार आढळला नाही.’

धरमपेठी
खुल्या वर्गातल्यांवरही बोला की कधी. माझ्या भावाला एका संस्थेत जात विचारलीच नाही, आकडा सांगितला. वडिलांचा प्लॉट विकला असता तर तेवढे पैसे झाले असते. तो आता क्लासेस घेतो. पैशापुढे सगळे समान, हीच ती समान संधी!

तर्री_जास्त
अन् विदर्भाचं काहून नाही बोलत कोणी? विदर्भाले मराठी राज्यात घेण्यासाठी झालेला 28 सप्टेंबर 1953 चा नागपूर करार वाचा. लोकसंख्येच्या प्रमाणात सरकारी नोकऱ्या देऊ म्हटलं होतं. घटनेत कलम 371(2) आहे, नोकरीच्या पुरेशा संधीबद्दलच. त्याच कलमाखालची विकास मंडळं 30 एप्रिल 2020 ले संपली, कोणाले घाम नाही फुटला. मी मुलाखतीत ‘सहा वर्षं शिकवून राहिलो’ म्हटलं, तर बाहेरून आलेले तज्ज्ञ हसून म्हणतात, ‘शिकवत आहे, असं म्हणा.’ विषय भौतिकशास्त्र होता, बरं!

मूळ_पुणे
हे आलंच. मी सोळा वर्षं नागपुरात, घर इथे, मुलं इथली. तरी स्टाफरूममध्ये ‘बाहेरची’. घटनेचं दाखवताय तर कलम 16(2) पण दाखवा. धर्म, जात, लिंग यांच्या रांगेत जन्मस्थान आणि निवासही लिहिलंय. त्यावरूनही सरकारी नोकरीत भेद करता येत नाही.

तर्री_जास्त
म्हणजे नागपूर करार रद्दी?

मूळ_पुणे
मी तसं म्हटलं नाही. पण तुमच्या बोलीला हसले तर भेदभाव, आणि माझ्या ‘अगं बाई’ची नक्कल केली की गंमत?

तर्री_जास्त
नक्कल करणाऱ्याच्या हातात माझी नोकरी होती ताई. तुमची नक्कल करणारा तर तुमच्याकडून सुट्टी मंजूर करून घेते.

मूळ_पुणे
...हे मात्र खरं आहे. आवडलं नाही, पण खरं आहे.

धरमपेठी
वा, आता दोघे मिळून स्वतंत्र विदर्भाचा झेंडा शिवा.

तासिकावाली
माझ्या धाग्यावर करार, कलमं, झेंडे सगळं झालं. मुलीचं वय राहिलं. मुलगी पोटात असताना मी नवव्या महिन्यापर्यंत उभी राहून शिकवलं, कारण तास नाही तर पैसा नाही. कंत्राटाची मुदत संपली तरी प्रसूतीचे लाभ थांबत नाहीत, असं 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. हे मी ऑफिसात म्हटलं तर बाबू म्हणे, ‘मॅडम, तुम्ही कंत्राटी पण नाही, तुम्ही तासिका.’

निवृत्त_मास्तर
मुलीचं वय विचारायला नको होतं. मी असतो तर थांबवलं असतं.

बिंदू_चौदावा
अकरा समित्यांत किती वेळा थांबवलंत सर? आकडा सांगा, तुम्हाला नियम पाठ आहेत.

निवृत्त_मास्तर
उद्धटपणाला उत्तर देत नसतो.

निवृत्त_मास्तर
रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितो. थांबवलं एकदाही नाही. आणि लिफ्टचं म्हणाल, तर मी प्रमुख असताना आमच्या इमारतीतली किल्ली माझ्याच केबिनच्या खिळ्यावर असायची. पोरं बटणं दाबून बिघडवतात म्हणून.