मोसंबीच्या मुळाशी मायकोरायझा

एका दादांनी विचारलंय, जालन्याकडच्या त्यांच्या मोसंबीत डीएपीसोबत (म्हणजे स्फुरद असलेलं खत) मायकोरायझाची, म्हणजे मुळांत राहून झाडाला अन्न मिळवून देणाऱ्या बुरशीची पावडर टाकली तर चालेल का? माझ्या मते दोन्ही एकत्र नकोच. मुळांना स्फुरद (फॉस्फरस) भरपूर मिळालं की झाड या बुरशीला साखर पुरवणं कमी करतं, आणि बुरशी मुळांमध्ये फारशी शिरत नाही.

मोसंबीला या बुरशीची गरज मात्र खरी आहे. लिंबूवर्गीय झाडांच्या मुळांवर केसमुळं फार थोडी असतात. अमेरिकेत धुरी देऊन निर्जंतुक केलेल्या रोपवाटिकांमध्ये ही रोपं खुरटायची, आणि त्यामागे या बुरशीचा अभाव आहे हे 1972 मध्ये दाखवलं गेलं. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात तर टाकलेलं स्फुरद चुन्याशी बांधलं जातं. मूळ जिथे पोचत नाही तिथून ते बुरशीचे धागे आणतात, जस्तही आणतात.

म्हणून पावडर टाकायचीच तर रोप लावताना, खड्ड्यात थेट मुळांना लागेल अशी. मोठ्या झाडाभोवती वरवर फेकून उपयोग नाही.

जुन्या बागेत ही बुरशी बहुधा आधीपासूनच असते, तिला जगू द्या. दरवर्षी रोटाव्हेटर फिरवलात तर धाग्यांचं जाळं तुटतं. ओळींमध्ये मूग, उडीद, चवळी घ्या. मोहरी किंवा कोबी नको, त्यांच्या मुळांत ही बुरशी वाढत नाही. डिंक्यासाठी (खोडातून डिंक गळण्याचा रोग) बुरशीनाशकाची आळवणी लागली तर जरूर करा, पण फक्त आजारी झाडांना. सरसकट सगळ्या बागेला नको, कळकळीने सांगतो.