कासवाचं पिल्लू डोळे उघडत नाही, कुणी पाळलंय का आपल्यात?

सोमवार, १२ जानेवारी

अन्वीची आई (ए-१०४), रात्री ९:०८: नमस्कार. थोडं वेगळं विचारतेय. अन्वीच्या वाढदिवसाला तिच्या मामानं पुण्याहून कासवाचं पिल्लू आणून दिलंय. नऊ दिवस झाले. पहिले चार-पाच दिवस कोबी खात होतं. परवापासून कोपऱ्यात बसून आहे, डोळे मिटलेले, काही खाईना. पोरगी रडून बेजार झालीय. आपल्यात कुणी पाळलंय का?

ओंकार (सी-२०२): झोपलंय ओ ते वैनी. थंडी बघा की किती पडलीय. हिवाळाभर झोपतात ही.

काकू (बी-३०१): अगं बादलीत सोड की पाण्यात. कासव ते, कोरड्यात कसं जगेल बिचारं. आणि उत्तरेला तोंड करून ठेव. कासव घरात येणं चांगलं असतं.

अन्वीची आई: बादलीत नको काकू, हे जमिनीवरचं आहे म्हणाले दुकानदार. पाण्यात बुडतं म्हणे.

काकू: कासव बुडतं? नवीनच ऐकते बाई.

डॉक्टरताई (सी-५०१): बुडतं काकू. आपण दोघांनाही कासवच म्हणतो म्हणून घोटाळा होतो. पाण्यातल्याच्या बोटांमध्ये पडदे असतात, जमिनीवरच्याचे पाय हत्तीसारखे खांब. अन्वीच्या आई, आधी फोटो टाका. एक वरून, एक बाजूनं. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघा चांदण्यांसारख्या फाकलेल्या आहेत का, तेवढं सांगा.

सेक्रेटरी (ए-४०१): ताई, असल्या तर काय होतं? सोसायटीवर काही येतं का?

डॉक्टरताई: सोसायटीवर नाही, ठेवणाऱ्यावर येतं. तसं असेल तर ते आपलं देशी स्टार कासव. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, त्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद. मग बरं कसं करायचं हा प्रश्नच उरत नाही, वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन करायचा आणि त्यांच्या ताब्यात द्यायचं. बिनधास्त विकतात लोक, लकी म्हणून.

अन्वीची आई: [फोटो] [फोटो]

अन्वीची आई: चांदण्या नाहीत ताई. फिक्कट बदामी रंग आणि प्रत्येक चौकटीला तपकिरी कड. पावतीवर सुलकाटा लिहिलंय.

डॉक्टरताई: हो, सुलकाटाच दिसतंय. आफ्रिकेतलं. विदेशी आहे, पण त्याचीही नोंद लागते. २०२४ चे नियम आहेत, सरकारच्या परिवेश पोर्टलवर मालकाचं नाव चढवावं लागतं. दुकानदारानं भावाला त्याचा कागद दिलाय का, विचारून घ्या. नुसत्या पावतीवर भागत नाही.

सेक्रेटरी: कागदाची एक झेरॉक्स ऑफिसला पण द्या.

ओंकार: अण्णा, आधी ते जगू तर द्या.

डॉक्टरताई: आणि खरं सांगते, मी गाई-म्हशींची डॉक्टर. सरपटणाऱ्यांचं माझं शिक्षण वरवरचं आहे. डी विंगमधल्या जॉबरमामांनी पाळलंय, त्यांना उठवा कुणीतरी.

जॉबरमामा (डी-४०२), ९:३१: जागाच आहे. डोळ्याचा फोटो टाक पोरी, जवळून. आणि कशात ठेवलंय तेही दाखव.

अन्वीची आई: [फोटो] [फोटो] काचेची फिशटँक आहे. खाली वाळू, वर लाल बल्ब. दुकानदार म्हणाले वाळवंटातलं आहे, कोरडंच ठेवा, आठवड्यातून दोनदा पाणी दाखवलं तरी बास.

जॉबरमामा: बल्ब बंद कर आत्ताच्या आत्ता. मी खाली येतो. पसरट परात काढून ठेव, आणि गिझरचं पाणी.

ओंकार: मामा, थंडीत बल्ब बंद?

जॉबरमामा: अरे बाबा, ते थंडीनं नाही, वाळून चाललंय.

१०:४०

अन्वीची आई: मामा आत्ताच गेले. काय सांगू! परातीत कोमट पाणी घेतलं. कोपर बुडवून बघितलं, आपण बाळाच्या अंघोळीचं बघतो तसं. पाणी किती, तर हनुवटीला लागेल एवढंच, नाक वर. मग पिल्लाला अलगद ठेवलं. दोन मिनिटं काहीच नाही. मग मान खाली गेली, मला वाटलं गेलं. तर ते पाणी पीत होतं! गळ्याखालची एवढीशी कातडी हलत होती, आत-बाहेर, आत-बाहेर. आठ-दहा मिनिटं पीतच होतं. मग एक डोळा उघडला. अर्धाच. अन्वीनं एवढ्या जोरात किंचाळून ठेवलं की बी विंगला गेलं असेल.

काकू: आलं ऐकू. मला वाटलं चोर.

अन्वीची आई: शेवटी पांढरं काहीतरी टाकलं त्यानं. मामांनी बोटावर घेऊन चोळून बघितलं.

ओंकार: बोटावर??

जॉबरमामा: तेच तर बघायचं असतं. टूथपेस्टसारखं मऊ असलं तर पोटात पाणी पुरतंय. याचं रव्यासारखं खरखरीत लागलं. म्हणजे बरेच दिवसांची तहान आहे. हात साबणानं धुतले, काळजी नको.

डॉक्टरताई: हात धुण्याचं सगळ्यांनीच लक्षात ठेवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. परात स्वयंपाकाची नको, वेगळी ठेवा. अन्वीच्या धाकट्या भावाला तर हात लावूच देऊ नका, तो अजून सगळं तोंडात घालतो.

जॉबरमामा, ११:०५: आता जरा सविस्तर लिहितो, सकाळी परत परत कोण सांगणार.

माझं पहिलं पिल्लू पाच आठवड्यांत गेलं. सात वर्षं झाली त्याला. मलाही अशीच वाळू आणि असाच लाल बल्ब मिळाला होता, तेच वाळवंटाचं पुराण ऐकून. मोठं सुलकाटा सहाराच्या दक्षिणेला कोरड्यात राहतं हे खरं. पण ते उघड्यावर तापत बसत नाही, जमिनीत लांब बीळ करून आत राहतं, आणि बिळात ओल असते. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेही तिकडच्या पावसाळ्यात, चिखल नि कोवळं गवत असताना. हे मला कुणी सांगितलंच नाही. पहिले दिवस कोरडे गेले की किडनी बसते, आणि दिसायला मात्र महिना-दीड महिना लागतो. तोवर खातंय, फिरतंय, आपण खूश.

मी चाळीस वर्षं लूमवर काढली. शेडमधली ओल कमी झाली की ताण्याचे धागे पटापट तुटतात, म्हणून आम्ही पंचाहत्तर-ऐंशी टक्के राखायचो. उन्हाळ्यात तर त्यासाठी मारामाऱ्या. ओला-कोरडा थर्मामीटर शेडच्या भिंतीवर असायचा, रिटायर झालो तेव्हा एक घरी आणला. पहिलं पिल्लू गेलं त्या रात्री सहज त्याच्या काचेच्या पेटीत ठेवून बघितलं. सव्वीस टक्के. सुताला जेवढं जपलं तेवढंही मी त्याला जपलं नव्हतं.

दुसऱ्याला ऐंशीवर ठेवलं. ते आता नऊ किलोचं आहे, पाठ गुळगुळीत. कोरड्यात वाढलेल्यांच्या पाठीवर चौकटीचौकटीला टेकाडं येतात, ती पुढं जात नाहीत. लोक म्हणतात जास्त प्रोटीननं येतात. मुख्य कारण कोरडी हवा.

डॉक्टरताई: मामा, एक जोडते. ओल आणि थंडी एकत्र आली तर छाती भरते, नाकातून बुडबुडे येतात. ओल पाहिजे ती उबेतली. रात्रीसुद्धा सव्वीस-सत्तावीसच्या खाली जाऊ देऊ नका. आत्ता बाहेर पंधरा-सोळा असेल. आणि ओंकार, हे हिवाळी झोप घेणारं कासव नाही. झोपलंय म्हणून सोडून दिलं तर उठत नाही.

ओंकार: चुकलं ताई. माझ्याकडं गरम पाण्याची रबरी पिशवी आहे, आणू का खाली?

जॉबरमामा: आण. झाकणाचा मोठा पारदर्शक डबा मी दिलाय, खाली दोन-तीन इंच कोकोपीट, मुठीत दाबलं की गोळा होईल पण पाणी गळणार नाही एवढं ओलं. झाकणाला चार भोकं पाडलीत. पिशवी डब्याच्या बाहेरून, एकाच बाजूला, म्हणजे नको वाटलं तर त्याला दुसरीकडं सरकता येईल. वरून चादर. सोलापुरात चादरीला काय तोटा! ही फक्त आजच्या रात्रीची सोय. उद्या उजेड न देणारा सिरॅमिक हीटर आणि थर्मोस्टॅट घ्या. दिवसा यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची ट्यूब.

अन्वीची आई: खिडकीतल्या उन्हात ठेवलं तर नाही चालणार का? आमच्याकडे सकाळी छान ऊन येतं.

जॉबरमामा: काचेतून यूव्हीबी येत नाही, नुसती धग येते. काचेच्या पेटीत उन्हात तर पंधरा-वीस मिनिटांत भाजून निघेल. गच्चीत टबमध्ये न्यायचं, अर्ध्यावर फळी टाकून सावली करायची, आणि तिथंच बसायचं. फोन घ्यायला खाली गेलात की कावळ्यानं उचललं म्हणून समजा.

मंगळवार, १३ जानेवारी, भोगी

काकू, सकाळी ११:२०: कसं आहे गं बाळ? भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी पाठवते. कुस्करून घाल.

जॉबरमामा: काकू, भाकरी मला पाठवा. त्याला नको. भाकरी, चपाती, भात, दूध, काही नाही. फळंसुद्धा नाहीत, पोट बिघडतं.

काकू: मग हरभऱ्याचा पाला? ताजा आहे, ढाळ्याचा.

जॉबरमामा: आंबट असतो, नको. पालक पण रोजचा नको, ऑक्सलेट असतं, कॅल्शियम अडवतं. बी विंगच्या कुंपणाची जास्वंद आहे ना, तिची कोवळी पानं आणि फुलं. तुतीचा पाला. दूर्वा, साधं गवत. शेवग्याचा पाला थोडा. कात्रीनं बारीक कापून. फक्त कुंपणावर औषध फवारलं नसेल तरच. अण्णा?

सेक्रेटरी: दिवाळीनंतर फवारलेलं नाही. पण जास्वंद कॉमन प्रॉपर्टी आहे, फांद्या मोडू नयेत.

ओंकार: अण्णा, ते अडतीस ग्रॅमचं आहे. कुंपण नाही संपवणार.

सेक्रेटरी: वजन कुणी केलं?

अन्वीची आई: मी, मसाल्याच्या काट्यावर. मामांनी सांगितलंय, रोज एकाच वेळी, अंघोळीआधी.

ओंकार: मामा, आमच्या शेतात ज्वारीचे फुटवे लई आलेत, आणू का पोतंभर?

जॉबरमामा: कोवळी ज्वारी कशालाच घालायची नसते बाबा. गुरांना किराळ लागते तिची, विषबाधा होते, शेतकऱ्याचं पोर तू.

ओंकार: विसरलो. आबांना सांगू नका.

जॉबरमामा: कॅल्शियमसाठी समुद्रफेस आणा, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. माकूळ मासळीचं हाड ते. सुरीनं खरवडून चिमूटभर पाल्यावर, आठवड्यातून दोनदा.

अन्वीची आई: दुकानदारांना फोन केला होता. ते म्हणतात व्हिटॅमिनचं इंजेक्शन टोचून घ्या, डोळे उघडतील.

डॉक्टरताई: अजिबात नको. एवढ्याशा जिवाला व्हिटॅमिन ए जास्त झालं तर कातडी सोलून निघते. तुमच्या पिल्लाचे डोळे पाण्यावाचून खोल गेलेत. पुण्यात सरपटणाऱ्यांचे डॉक्टर आहेत, मी एकाशी बोलून ठेवलंय, शुक्रवारपर्यंत खाल्लं नाही तर गाडी काढायची. तोवर मामांचं चालू ठेवा. रोज वीस मिनिटं, पाणी थंड झालं की बदलायचं.

अन्वीची आई: एक विचारू? अन्वी म्हणते हे एवढंच राहणार ना.

ओंकार: मामा, सांगून टाका.

जॉबरमामा: जमिनीवरच्या कासवांत जगात तिसऱ्या नंबरचं मोठं आहे पोरी. चाळीस-पन्नास किलो सहज, आणि कित्येक दशकं जगतं. माझं सहा वर्षांचं आहे, गॅलरीचा दरवाजा ढकलून उघडायला लागलं, तेव्हा मंद्रूपला भावाच्या शेतावर नेलं. तिथं त्यानं बांधाच्या पोटात बीळ केलंय, भावाचा पाय दोनदा गेलाय त्यात. फ्लॅटमध्ये हे पाच-सहा वर्षांचं काम. भावाला रागव, पण आत्ता नको, आधी ते खाऊ दे.

सेक्रेटरी: पन्नास किलो?? याला पेट पॉलिसी लागू होते का बघावं लागेल.

शुक्रवार, १६ जानेवारी

अन्वीची आई, सकाळी ८:४७: [व्हिडिओ] जास्वंदीचं फूल! स्वतःहून! पाकळी ओढताना तोल जाऊन तोंडावर आपटलं, तरी सोडली नाही. दोन्ही डोळे उघडे. वजन एक्केचाळीस. अन्वी शाळेला जाईना म्हणतेय.

काकू: तोंड लाल झालंय गं, लागलं का त्याला?

अन्वीची आई: फुलाचा रंग आहे काकू.

डॉक्टरताई: छान. पण वाढलेलं वजन सध्या बहुतेक पाण्याचंच आहे, लगेच हुरळू नका. पोटाखालची ढाल महिनाभर हलक्या हातानं दाबून बघत राहा, पिल्लाची थोडी लवचीक असतेच, पण दिवसेंदिवस मऊ पडायला नको. पुण्याच्या डॉक्टरांची वेळ मी रद्द करत नाही, पुढच्या आठवड्यात दाखवून या. सुरुवातीचे नऊ दिवस कोरडे गेलेत.

जॉबरमामा: बरोबर. माझ्या पहिल्यानंही जायच्या आधी मधे दोन दिवस खाल्लं होतं.

ओंकार: मामा, आज गड्ड्याच्या जत्रेत दारूकाम बघायला येणार का? आवाजानं घाबरेल का ते?

जॉबरमामा: त्याला आवाजापेक्षा हादरा कळतो. डबा जमिनीवर ठेवू नका आज, पलंगावर ठेवा. मी येत नाही, संध्याकाळची अंघोळ माझ्याकडं आहे.

सेक्रेटरी, ९:३०: महत्त्वाची सूचना. आज पाण्याचा वार होता पण पाणी आलेलं नाही, आता रविवारी येईल. टाकीत अर्ध्याच्या खाली आहे. गाड्या धुणे, गॅलरी धुणे पूर्ण बंद. सर्वांनी सहकार्य करावे.

काकू: आणि त्याची अंघोळ?

सेक्रेटरी: किती लागतं?

अन्वीची आई: दीड तांब्या.

सेक्रेटरी: चालेल. नंतर ते जास्वंदीला घाला.