संसर्गजन्य की असंसर्गजन्य? कर्करोगाला नेमका शब्द कोणता?

येरळाकाठ

विट्याजवळच्या आमच्या गावात आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर दोन फलक शेजारी शेजारी लागलेत. जुन्यावर ‘असंसर्गजन्य आजार तपासणी : रक्तदाब, मधुमेह, कर्करोग’. नव्यावर ‘गर्भाशयमुखाचा कर्करोग संसर्गजन्य आहे. मुलींना लस द्या.’ ग्रामपंचायतीच्या महिला मेळाव्याचं पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि मी पहिल्याच ओळीत अडलोय. यातला खरा फलक कुठला? आणि पत्रकात काय घालू? सांसर्गिक, संसर्गजन्य, विषाणुजन्य, की आणखी काही?

खिळेजुळारी (कराड)

दोन्ही खरे, म्हणूनच घोळ. ‘-जन्य’ मराठीत दोन वेगळी कामं करतो. ‘विषाणुजन्य ताप’ म्हणजे विषाणूतून उपजलेला ताप. इथे उगम सांगितलाय. ‘जलजन्य’ आणि ‘कीटकजन्य’ आजारांत मात्र पाणी किंवा डास हा नुसता वाहक. गढूळ पाण्यातून पटकी ‘जन्मत’ नाही, तिचे जंतू त्या पाण्यातून येतात. ‘संसर्गजन्य’ या दोन्हींच्या मध्ये अडकलाय. फोड करून पाहिलं तर संसर्गातून जन्मलेला, आणि रोजच्या वापरात एकाचा दुसऱ्याला होणारा. नव्या फलकाने फोड धरली, जुन्याने वापर धरला.

माझं मत विचाराल तर वापर नेहमी जिंकतो. गोवर, क्षय, करोना यांच्यासाठी इतकी वर्षं वापरून झालेला शब्द एका फलकापुरता मूळ अर्थाने वाचा, असं लोकांना सांगता येत नाही. ‘विषाणुजन्य’ घ्या.

आशा, पलूस

दादा, शब्दाची फोड तुम्ही करा, मला दारात उभं राहून उत्तर द्यायला लागतं. आमच्याकडं एका मावशींना पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. (गर्भाशयमुख म्हटलं तर निम्म्या बायकांना कळत नाही. पिशवीचं तोंड म्हटलं की लगेच कळतं.) मावशी दवाखान्यातून घरी आल्या आणि त्यांचं ताट-तांब्या वेगळं झालं. सुनेनं मला बाजूला घेऊन विचारलं, ‘ताई, पोराला आज्जीजवळ झोपवू का नको?’ शिकलेली पोरगी, फलक वाचून विचारतीया. तिचं काय चुकलं? करोनात आम्हीच घरोघर फिरून संसर्गजन्य हाय, लांब राहा, म्हणून सांगितलेलं.

आणि एका कार्यक्रमात एका पाहुण्यांनी माइकवर ‘गुप्तरोगातून होणारा कॅन्सर’ म्हटलं. तपासणीला नावं दिलेल्या बायका गपचूप उठून गेल्या. नवरे काय म्हणतील, सासू काय म्हणेल, हे पहिलं डोक्यात येतं. शब्द निवडताना हे पण बघा.

मिरजेची लॅब

ताई म्हणतात तो ‘गुप्तरोग’ वैद्यकाच्या बाजूनेही इथे बसत नाही. एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, या कर्करोगामागचा विषाणू) शरीरसंबंधातून जातो हे खरं, पण तो इतका सर्रास आहे की शरीरसंबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. बहुतेकांचं शरीर दोनेक वर्षांत त्याला आपणहून घालवतं, कुणाला पत्ताही लागत नाही. थोड्या बायकांत तो ठाण मांडतो, पिशवीच्या तोंडाजवळच्या पेशी बदलत जातात, आणि त्या बदलांचा कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. पन्नाशीच्या बाईला तो विषाणू कधी आणि कुणाकडून आला हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. त्यावरून घरात चौकशी भरवणाऱ्यांना हे ठणकावून सांगा.

हा विषाणू ओळखण्याची गोष्टही वळणाची आहे. १९७० च्या दशकात बहुतेकांचा संशय हर्पिसच्या विषाणूवर होता. जर्मनीचे हाराल्ड त्सूर हाउसेन मात्र चामखिळीच्या विषाणूंमागे लागले होते (एचपीव्ही याच कुळातला). १९८३-८४ च्या सुमारास त्यांच्या गटाने गर्भाशयमुखाच्या गाठींतून एचपीव्ही १६ आणि १८ वेगळे काढले. या दोन प्रकारांतूनच जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग होतात. त्यांना नोबेल मिळालं २००८ साली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस या दोन प्रकारांवर चालते, शिवाय चामखिळी आणणाऱ्या ६ आणि ११ वरही. तिला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली.

आता शब्दाकडे. एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो विषाणू. कर्करोग जात नाही. त्यामुळे ‘संसर्गजन्य’ हे विशेषण कर्करोगाला न लावता विषाणूला लावा, निम्मं भांडण मिटेल. एक पुरवणी: ज्यांना एचआयव्ही आहे त्या बायकांना हा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे सहापट असते आणि तो लवकर वाढतो. एका रोगाने दुसऱ्याला वाट करून दिल्याचं हे सरळ उदाहरण, आणि तिथेही वाटेत असतो तो हाच विषाणू.

गोठ्यातला डॉक्टर (फलटण)

‘कर्करोग जात नाही’ हे माणसापुरतं ठीक. कुत्र्यांत जातो. भटक्या कुत्र्यांच्या जननेंद्रियावर लालभडक, सतत रक्ताळणारी गाठ येते, ती आम्ही नेहमी बघतो. तिथे कुठला विषाणू मध्यस्थी करत नाही. गाठीच्या जिवंत पेशीच संगाच्या वेळी एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजतात. हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या शरीरात बिघडलेल्या पेशी आजही जगभर फिरतायत, असं जनुकांच्या तपासणीतून दिसलं. विन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाच्या इंजेक्शनांनी बहुतेक जनावरं बरी होतात. टास्मानियन डेव्हिल या ऑस्ट्रेलियातल्या प्राण्यात तोंडावरची गाठ चावाचावीतून पसरते, ती १९९६ मध्ये पहिल्यांदा दिसली.

तेव्हा ‘सांसर्गिक कर्करोग’ हा शब्द आमच्या खात्यासाठी राखून ठेवा. माणसांच्या पत्रकात नको. (आणि नाही, कुत्र्याचा हा कॅन्सर माणसाला होत नाही. विचारणार आहात म्हणून आधीच सांगतो.)

आडसाली (वाळवा)

एवढा संस्कृतचा फौजफाटा कशाला? आपला ‘लागण’ शब्द आहे की. ‘व्हायरसची लागण होते’ म्हणा.

अडचण एकच, आमच्याकडं लागण म्हणजे उसाची. ‘लागण झाली का?’ विचारलं तर ‘झाली, ८६०३२ वाण आहे, पुढच्या साली खोडवा ठेवणार’ असं उत्तर येतं.

खिळेजुळारी (कराड)

आडसाली, हसवलंत, पण शब्द चांगला सुचवलात. ‘लागणे’ या धातूचं गोत्र बघण्यासारखं आहे. दृष्ट लागते, भूत लागतं (आपल्या भागात त्याला ‘लागीर’), कीड लागते, नाद लागतो. बाहेरचं काहीतरी येऊन चिकटतं, असाच भाव. उलट औषध ‘लागू पडतं’, म्हणजे चांगलंही याच दाराने येतं. ‘लागण’ म्हटल्यावर ऐकणारा आपोआप विचारतो, कशाची? त्यामुळे ‘विषाणूची लागण’ असं पुरं म्हणावंच लागतं. ‘संसर्गजन्य’ला ही सक्ती नाही, तो एकटाच फिरतो आणि घोळ घालतो. मात्र ‘कॅन्सरची लागण’ असं बोलण्यात सर्रास येतं, ते पत्रकात येऊ देऊ नका.

देववाणी

कर्करोग हा शब्दच उसना. ग्रीकांनी गाठीला खेकडा म्हटलं, त्याचं आपण ‘कर्क’ केलं. सुश्रुतसंहितेतला ‘अर्बुद’ का घेत नाही?

मिरजेची लॅब

कारण अर्बुद म्हणजे कुठलीही वाढलेली गाठ, निरुपद्रवी असली तरी. आणि पलूसच्या ताईंना दारात उभं राहून तो शब्द समजावावा लागेल. पुढे चला.

येरळाकाठ

पुढे चलतो, कारण पत्रकात यकृताच्या कर्करोगाचीही एक ओळ घालायची आहे. मसुद्यात ‘काविळीमुळे लिव्हरचा कॅन्सर होतो’ असं आलंय. हे बरोबर?

मिरजेची लॅब

असं बिलकुल छापू नका. कावीळ हा एक रोग नाही, ते लक्षण. डोळे पिवळे झाले की आपण कावीळ म्हणतो आणि गळ्यात माळ घालून ती ‘उतरवायला’ जातो. दूषित पाण्यातून येणारी अ आणि ई प्रकारची कावीळ सहसा येते आणि जाते, तिचा कर्करोगाशी संबंध नाही. ब आणि क रक्तातून पसरतात, काहींच्या यकृतात वर्षानुवर्षं मुक्काम करतात, आणि त्यातून पुढे यकृत आक्रसतं, कधी कर्करोग होतो. गावात पाण्याची साथ आली आणि कुणी तुमचं पत्रक वाचलं, तर घरोघर रडारड होईल.

‘हिपॅटायटिस बी’ असंच लिहा, कंसात ‘रक्तातून पसरणारी कावीळ’. ब चा शोध लावणारे बारूक ब्लूमबर्ग यांना १९७६ चं नोबेल मिळालं. तैवानने १९८४ पासून बाळांना ही लस द्यायला घेतली, आणि पुढे तिथल्या मुलांमधले यकृताचे कर्करोग घटले. आपल्याकडेही बाळ जन्मल्यावर २४ तासांत ती देतात. कर्करोग टाळणारी लस आपण कधीपासूनच टोचून घेतोय, फक्त तिला कुणी त्या नावाने ओळखत नाही.

सरासरी (सांगली)

कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, म्हणून ‘-मुळे’ या प्रत्ययावर एक तक्रार नोंदवते. वर्तमानपत्रात ‘मधुमेहामुळे कर्करोगाचा धोका’ असे मथळे येतात. मराठी ‘-मुळे’ फार ठाम आहे. ‘पावसामुळे द्राक्षं गेली’ म्हटल्यावर पाऊस नसता तर वाचली असती, असं आपण धरतो. मधुमेह आणि कर्करोगाचं नातं इतकं सरळ नाही. टाइप २ मधुमेह असलेल्यांत यकृत, स्वादुपिंड आणि गर्भाशयाच्या अस्तराचे कर्करोग जास्त आढळतात. पण लठ्ठपणा दोन्हींच्या मागे असतो. आणि स्वादुपिंडाच्या बाबतीत कधी कधी गाडी उलटी असते: उतारवयात अचानक साखर वाढते आणि वजन घटत जातं, तेव्हा आधी कर्करोग आणि त्यापोटी मधुमेह, असं निघतं. अशा ठिकाणी ‘निगडित’ किंवा ‘सोबत आढळतो’ म्हणा. एचपीव्हीला मात्र ‘-मुळे’ बेलाशक वापरा, तिथे तो कमावलेला आहे.

खिळेजुळारी (कराड)

‘निगडित’ पत्रकात जड होईल. ‘मधुमेह असणाऱ्यांत काही कॅन्सर जास्त दिसतात’ एवढं पुरे. क्रियापदाने सांगितलं की विशेषणाची गरज राहत नाही.

येरळाकाठ

सगळ्यांचं ऐकून हे केलंय, बघा:

‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो. व्हायरस एकाकडून दुसऱ्याकडे जातो, कॅन्सर जात नाही. कॅन्सर झालेल्या बाईजवळ बसल्याने, तिच्या ताटात जेवल्याने, नातवंडं तिच्या कुशीत झोपल्याने कुणालाही कॅन्सर होत नाही. व्हायरसची लागण बहुतेकांना कधी ना कधी होते आणि बहुतेकांची आपोआप जाते. ज्यांची जात नाही त्यांना कळावं म्हणून तपासणी. ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी लस आहे.’

मिरजेची लॅब

तपासणीचा उपयोग किती, हे एका वाक्यात घाला, बायका हिशेबी असतात. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांवर अभ्यास केला. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गावांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले. परदेशातलं उदाहरण नाही, आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या बायका.

सरासरी (सांगली)

‘तपासणीमुळे’ लिहा. इथे हरकत नाही, चिठ्ठ्या टाकून गावं निवडली होती.

आशा, पलूस

छान झालंय दादा. मीच वाचून दाखवीन. फक्त ‘लागण’वर आमची म्हातारी माणसं हसतील, हसू द्या, लक्षात तरी राहील. तपासणीची तारीख-वेळ मोठ्या टायपात घ्या, आणि बाजारादिवशी अजिबात ठेवू नका, एक बाई यायची नाही.