बँकॉकमध्ये शेजारचं निर्वासित कुटुंब अडकलंय, काय करू?

प्रश्न: आमच्या वरच्या मजल्यावर पाकिस्तानातून आलेलं ख्रिस्ती कुटुंब राहतं. व्हिसा केव्हाच संपलाय, तिसऱ्या देशात पुनर्वसनाची वाट बघतायत. परवा भाईंना पकडून सुआन फ्लूच्या इमिग्रेशन कोठडीत नेलं. भाभी दिवसभर आतून कडी लावून बसतात. धाकटी घरात चपला हातात घेऊन चालते, आवाज नको म्हणून. मला हे बघवत नाही.

उत्तर: ताई, आधी यूएनएचसीआरला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेला कळवा. भाईंच्या यूएनएचसीआर कार्डाचा नंबर आणि अटकेची तारीख सांगा. थायलंडने १९५१ च्या निर्वासित करारावर सहीच केलेली नाही, म्हणून कार्ड असूनही अटक होते. असायलम ॲक्सेस थायलंड ही संस्था मोफत कायदेशीर मदत करते. आणि भाईंना निरोप द्या, न कळणाऱ्या कागदावर सही करू नका. तो परत जायला संमती दिल्याचा असू शकतो.

उत्तर: मुलांना कोठडीत ठेवायचं टाळावं, असा थाई सरकारी खात्यांचा २०१९ चा सामंजस्य करार आहे. वकिलांशी बोलताना तो विषय काढाच. भाभींना एकटं सोडू नका हो.

प्रश्नकर्ती: कार्डाचा फोटो काढून घेतला. सकाळी फोन करते. आज धाकटी आमच्याकडे वरणभात जेवली.